बहिणीच्या घरचं पाणी

हिंगोलीला आता कुणी मोठं शहर म्हणणार नाही. माझे नातू तर तोंडावर हसतात. पण मी चोवीस वर्षांचा होईस्तोवर हिंगोली पाहिली नव्हती. आमचं गाव औंढ्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला. मीठमिरची, लुगडंधोतर, बैलाची वेसण, जे लागायचं ते औंढ्याच्या बाजारात मिळायचं. मग पुढं जायचं काहून? ज्याला काम नाही तो हिंडतो, असं मी ताठ मानेनं बोलायचो, आणि हिंडून आलेल्या लोकांना ते ऐकून घ्यावं लागायचं.

शाळा माझी चौथीपर्यंत. बोलतो तसं लिहितो, त्यात चुकलं तर चुकलं. गावात मला रीतीचा माणूस म्हणतात. कुणाच्या घरी लग्नात काही अडलं, सुतकात काही अडलं, तर मला विचारायला येतात, आणि मी सांगेन ते करतात. त्यांना मी पुढची गोष्ट कधी सांगितली नाही. सांगितली असती तर विचारायला आले असते का, कोण जाणे.

मला एक बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बाप लवकर गेला. चुलते वाटणी करून मोकळे झाले. त्यामुळं बहिणीच्या लग्नात बापाच्या जागी मी आणि माझी बायको पाटावर बसलो. कन्यादान मी केलं. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्यानं कन्यादान केलं त्यानं लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. दिलं ते दिलं, त्यातलं काही परत घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. बाप असता तर त्यानं पाळलं असतं. बाप नव्हता म्हणून ते माझ्याकडं आलं, आणि मला त्याचा अभिमान होता. वीस वर्षांच्या पोराला बापाचा मान मिळाला की तो बापापेक्षा जास्त बाप होतो.

बहीण दिली होती हिंगोलीत. पाव्हणे, म्हणजे तिचा नवरा, कापसाच्या जिनमध्ये कामाला होते. घरात ते, त्यांची आई आणि माझी बहीण. सणाला ती माहेरी यायची, पण मी चार वर्षांत तिच्या घरी गेलो नाही. जाऊन उपाशी बसायचं, तर जायचंच कशाला?

चार वर्षांत तिला लेकरू झालं नाही.

मग एकदा, दिवाळी झाल्यावर, तिचं कार्ड आलं. तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. मी अक्षर लावत लावत माईला, म्हणजे आमच्या आईला, वाचून दाखवलं. ‘दादाला एकदा पाठव. शुक्रवारी पाठव. यांना त्याच दिवशी जिनमधून बाराला जेवायला सुट्टी असते, एकला परत भोंगा होतो. त्या आधी दादानं यावं. आत्याबाई त्यांच्या भावाच्या पोरीचं नाव काढून राहिल्या आहेत.’

आत्याबाई म्हणजे तिची सासू. नाव काढून राहिल्या म्हणजे काय, ते माईला सांगावं लागलं नाही. तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटं धरलं, आणि तसंच पाहत राहिली.

“तू जा,” ती म्हणाली. “तिच्या मागं माणूस हाय, एवढं त्यांला दिसू दे. पाव्हणे मऊ हायत. तू नीट बोलशील तर ते आईचं ऐकणार न्हाईत.”

“नीट बोलायचं काय त्यात? सरळ सांगतो, दुसरी आणाल तर पाय मोडीन.”

“आसंच बोलायचं असंल तर जाऊ नगंस.”

“बरं, नीट बोलतो.”

सकाळी तिनं फडक्यात चार भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा बांधून दिला. “रस्त्यात खाऊन घे,” म्हणाली. “तिथं पाण्यालाबी शिवू नको.” मला ते सांगायची गरज नव्हती.

औंढ्याहून पहिली यष्टी धरली. हिंगोलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते. बारा वाजायला तीन तास. मी मनाशी हिशेब केला. आत्ता घरी गेलो तर तीन तास सासूपुढं बसावं लागेल, आणि बहीण ताट वाढेल ते नाकारावं लागेल. उपाशी पोटानं नाही म्हणायला जड जातं. तेव्हा पोटाला आधार करूनच जावं. भाकरी फडक्यात होत्याच. स्टँडवर एक ओटा बघून बसलो आणि गाठ सोडायला हात घातला.

तेवढ्यात समोरच्या हाटेलातून वास आला. कशाचा ते मला कळेना, कारण तसा वास मी आधी घेतलाच नव्हता. आमच्याकडं तळण म्हणजे वर्षाचे दोन सण. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षंच झाली होती. त्या दिवसांत खाल्लेल्या रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची चव अजून घशात होती. मी गाठ तशीच ठेवली आणि वासाच्या मागं गेलो.

आधी चहा घेतला. घरी आम्ही गुळाचा काळा चहा प्यायचो. हा दुधाचा, वर सायीचा पापुद्रा, आणि इतका गोड की बशी ओठांना चिकटली. सोबत खारी दिली. ती कशी खायची ते मला माहीत नव्हतं. शेजारच्या माणसाकडं न बघितल्यासारखं करून बघितलं. तो चहात बुडवत होता. मी बुडवली, जरा जास्त वेळ बुडवली, आणि ती अर्धी चहात गळून पडली. बोटानं काढून खाल्ली. शेजारचा हसला.

“पाव्हणे कुठले?”

“इथलेच,” मी म्हणालो.

“मग खारी काहून बुडून राहिली तुमची?” तो म्हणाला, आणि सगळं हाटेल हसलं. मला राग यायला पाहिजे होता. पण तोंडात खारी होती, आणि राग आला नाही.

तिथून बाजाराच्या रस्त्यानं गेलो. एका कोपऱ्यावर एक म्हातारा कढईपुढं बसून मिरच्यांचे भजे काढत होता. हिरवी लांब मिरची, पोटात चिंचेचा कोळ भरलेला, बेसनात बुडवून तेलात. कढईतून झाऱ्यानं काढला की कागदावर, आणि कागदावर ठेवला की वर पळीभर गरम कढी. भज्यावर कढी! मी म्हणालो, “आजा, ओले होतील की.” तो म्हणाला, “व्हायलाच पाहिजेत. तू खा, मग भांड.” मी खाल्ले. भांडलो नाही. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि तरी मी आणखी मागितले. तिखट मारायला जिलेबी घ्यावी लागते, असं त्यानंच सांगितलं आणि समोरच्या दुकानाकडं बोट दाखवलं. ती जिलेबी मी दुकानाच्या पायरीवर बसून खाल्ली. पाक कोपरापर्यंत वाहिला. मी इकडंतिकडं बघितलं आणि कोपर चाटलं. चोवीस वर्षांचा, घरचा कर्ता, बहिणीचा बाप.

त्या सकाळइतका आनंद मला खाण्याचा कधीच झाला नाही, आणि ते मी खोटं लिहिणार नाही. कापूस विकला होता, खिशात पैसे होते, ओळखीचं कुणी नव्हतं. पुन्हा पुन्हा मला वाटायचं, लोक हे रोज खातात! रोज! आणि मग वाटायचं, एवढं बघितलं, आणखी थोडं बघू. बाराला अजून वेळ आहे.

पुढं गल्लीच्या तोंडाला एक हाटेल होतं. हिरवी दारं, आत लाकडी बाकडी. दारात मोठं तांब्याचं पातेलं, आणि मालक, पांढऱ्या दाढीचा माणूस, झाकण उचलून ओरडत होता, “तहारी तयार! तहारी तयार!”

मला ऐकू आलं, तयारी तयार. मी थांबलो. “कशाची तयारी?” म्हणून विचारलं.

तो हसला. “खाने की, पटेल! और काहे की? आओ, बैठो.”

आमच्या भागातले मुसलमान शेतकऱ्याला मानानं पटेल म्हणतात. मला तो मान लागला. मी आत जाऊन बसलो. तहारी म्हणजे पिवळा भात, हे ताटली समोर आल्यावर कळलं. मोकळा भात, बटाट्याच्या मोठ्या फोडी, मटणाचे दोन तुकडे, आणि बाजूला वाटीत चिंचेचा आंबट खट्टा. भात आमच्याकडं देवाला आणि आजाऱ्याला. भाताला अशी चव असते हे मला ठाऊक नव्हतं. मी मान खाली घातली ती ताटली साफ होईस्तोवर वर केली नाही.

तेवढ्यात लांब कुठंतरी मोठा आवाज झाला. म्हैस हंबरावी तसा, पण थांबेचना.

“हे काय व्हय?” मी विचारलं.

“जिन का भोंगा है, पटेल. बारा बजे. छुट्टी हुई.”

मला सगळं आठवलं. मी उठायला पाहिजे होतं. बहिणीची गल्ली तिथून जवळ होती, मी आधीच विचारून ठेवली होती. पण मालकानं पातेल्यातून वाफ काढत विचारलं, “और लाऊं?” आणि मी म्हणालो, “लाव.”

हे मी सरळ लिहून टाकतो, कारण नंतरच्या पन्नास वर्षांत मी स्वतःला हे नाना परीनं समजावून पाहिलं. भोंगा मला नीट ऐकू आला होता. त्याचा अर्थही कळला होता. मी दुसरी ताटली मागवली. ती खाल्ली. मग मालकाशी औंढ्याच्या पीकपाण्याचं बोललो, कारण त्यानं विचारलं आणि मला सांगायला आवडत होतं. मग वर चहा घेतला. हात धूत होतो तेव्हा पुन्हा भोंगा झाला. एक.

बहिणीच्या दारात गेलो तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. मला पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला.

“दादा, कुठं राहिलास रं? हे आले व्हते. तुझ्यासाठी थांबले. भोंग्याला गेले परत.”

“यष्टी उशिरा आली,” मी म्हणालो.

हे मी बोललो आणि ते झालं. आता मागं घेता येईना.

आत दोन ताटं मांडलेली होती, शेजारी शेजारी, दोन पाट. माझं ताट वर ताट झाकून ठेवलेलं, पाव्हण्यांचं वाढलेलं तसंच. तेव्हा मला कळलं की तिनं शुक्रवार का लिहिला, बारा का लिहिलं. आमच्यात दोन माणसं एका पंगतीला जेवली की त्यांच्यात झालेलं बोलणं मोडत नाही. तिला मी आणि पाव्हणे शेजारी जेवायला पाहिजे होतो. जेवण झाल्यावर मी बोलणार, आणि ते हो म्हणणार. एवढं सगळं तिनं एकटीनं ठरवलं होतं.

तिची सासू ओसरीवर धान्य निवडत बसली होती. रामराम झाला. बहिणीनं तांब्या आणला आणि हळू आवाजात म्हणाली, “हात धू.”

“मी जेवणार न्हाई. तुला ठावं हाय.”

“ठावं हाय. म्हनून तर बोलावलं.”

“म्हंजे?”

“एक घास खा, दादा. एकच. त्या बघून राहिल्या हायत. माझ्या माहेरचं माणूस माझ्या घरात जेवलं, एवढं त्यांला दिसू दे. लेकरू असो नसो, घर तर माझं हाय का न्हाई?”

ती असं बोलली आणि तांब्या तसाच माझ्या हातांपुढं धरून राहिली. ते मी पाहिलं. पाहूनही म्हणालो, “रीत म्हंजे रीत. बापानं काय केलं असतं?”

“बाप न्हाई. तू हायस.”

“मग बापासारखंच करतो.” वर मी आणखी एक बोललो, जे बोलायची गरज नव्हती. “अन मला भूकबी न्हाई.”

बहिणीनं मान वर केली. “सकाळच्या पहिल्या यष्टीनं निघालास, अन भूक न्हाई?”

ओसरीवरून सासूचा आवाज आला. त्या बाईचे कान तिखट होते. “ऱ्हाऊ दे गं! काहून बळजबरी करतीस? पोटात आग पडली असंल, पन मानी माणूस तोंडानं सांगायचा न्हाई. याला म्हनतात रीत. आजकालची पोरं, भैनीच्या घरी मुक्काम ठोकून राहत्यात. बापाच्या जागी बसला तर बापासारखा वागला. नशीबवान हाईस, असा भाऊ हाय तुला.”

माझी छाती फुगली. आता लिहिताना लाज वाटते, पण फुगली. ज्या बाईला चार शब्द सुनवायला मी आलो होतो तिनंच माझी तारीफ केली, आणि मी तिथंच मऊ झालो. तारीफ करणाऱ्याशी भांडता येत नाही. तेवढ्यात पोटातून ढेकर आला. मी तो तोंड मिटून दाबला. दाबलेला ढेकर नाकातून निघतो, आणि त्या ढेकराला तहारीचा सगळा मसाला होता.

बहीण अगदी जवळ उभी होती.

माझ्याजवळ ठेवलेलं फडकं तिनं उचललं, बाजूला ठेवायचं म्हणून, आणि हातातच तोललं. गाठ माईची होती. माई गाठ मारते तशी दुसरं कुणी मारत नाही, दोन वेढे देऊन टोक आत खोचते. ती गाठ सुटलेली नव्हती. चार भाकरी जशाच्या तशा होत्या. तिनं माझ्या सदऱ्याकडं बघितलं. छातीवर पिवळा डाग होता, मला माहीत नव्हता.

“व्हय आत्याबाई,” ती सासूला म्हणाली. “दादा असाच हाय. रीत मोडायचा न्हाई.”

आणि तिनं ताटं उचलली.

तिनं मला तिथं उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, ओरडलो असतो, त्या भांडणात जे बोलायला आलो होतो तेही बोलून गेलो असतो. पण तिनं मला झाकलं. मी घंटाभर ओसरीवर बसलो, सासूशी पाऊसपाण्याचं बोललो, आणि दुसऱ्या बायकोचा विषय काढलाच नाही. कसा काढणार होतो? त्या दर वाक्याला माझ्या उपासाचं कौतुक करत होत्या.

निघालो तेव्हा बहीण गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. फडकं तिच्या हातात होतं. कोपऱ्यावर थांबली.

“काय खाल्लंस?”

मी फडकं घ्यायला हात पुढं केला.

“सांग की. मी कुठं मारून राहिले तुला.”

“तहारी.”

“अन?”

“भजे. कढी टाकून.”

“अन?”

“जिलेबी.”

“चांगली व्हती?”

तिनं हे टोमण्यानं विचारलं असतं तर मला जमलं असतं. पण तिनं लहानपणी विचारायची तसं विचारलं, जत्रेहून आल्यावर. मी म्हणालो, “व्हय. लई चांगली व्हती.”

“चार वर्षं झाली मला इथं येऊन,” ती म्हणाली. “मी अजून न्हाई खाल्ली.” मग थोडं थांबून म्हणाली, “हाटेलवाल्याला लेकरं किती हायत, इचारलंस का?”

“काय?”

“त्याच्या घरचं खाल्लंस. लेकरं हायत का न्हाईत ते इचारून खाल्लंस का तसंच?”

मला राग आला. खरं बोललेलं झोंबतं. “हाटेलवाला काय माझी लेक हाय?”

“न्हाई,” ती म्हणाली. “मीबी तुझी लेक न्हाई. भैन हाय.”

फडकं माझ्या हातात देऊन ती वळली. मी हाक मारली नाही. मला वाटलं, राग उतरला की ती समजेल, मी मोठा आहे, मी बरोबर आहे. यष्टीत बसून औंढ्यापर्यंत मी हेच घोकत आलो. माईनं विचारलं, बोललास का? मी म्हणालो, “आजचा दिवस न्हाई जमलं. पाव्हण्यांची गाठ पडली न्हाई.” आणि हे खोटं नव्हतं, म्हणून आणखी वाईट.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत त्यांनी दुसरी आणली. सासूच्या भावाची पोर, सतरा-अठराची. निरोप आला त्या दिवशी मी शेतातून तसाच निघालो, हातातली काठीही ठेवली नाही. जाताना हिंगोलीत कुठं पाहिलंही नाही. दारात जाऊन ओरडलो, गल्ली गोळा केली. बहिणीच्या मागं माणूस आहे हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं, पण त्याला आता काही अर्थ नव्हता.

सासू शांत बसली होती. माझं संपल्यावर म्हणाली, “झालं? आता माझं ऐका. तुमी रीतीचं माणूस, तुमाला रीतीनंच सांगते. चार वर्षांत तुमी ह्या घरचं पाणी घेतलं न्हाई. काहून घेतलं न्हाई? लेकरू न्हाई म्हनून. म्हंजे हे घर अपुरं हाय हे तुमालाबी ठावं व्हतं. आमी ते पुरं केलं. आमच्यावर काठी काहून?”

गावात माझ्याएवढं उत्तर द्यायला कुणी नाही, आणि मी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. पाव्हणे खांबाला टेकून उभे होते. खाली बघत म्हणाले, “दादा, त्या दिवशी मी ताट वाढून बसलो व्हतो. एक वाजेस्तोवर.” एवढंच बोलले. त्या माणसानं मला कधी आणखी काही म्हटलं नाही.

मी बहिणीला म्हणालो, “चल. उचल तुझं गाठोडं. घरी चल.”

“कोणच्या घरी?” ती म्हणाली. “माझं घर हे हाय. तुला वाटो न वाटो.”

ती तिथंच राहिली. त्या नव्या पोरीशी तिनं भांडण केलं नाही. लोक म्हणायचे, फार समजूतदार. ती समजूतदार नव्हती, हट्टी होती. एका आईबापाची लेकरं आम्ही, हट्ट काय एकट्या माझ्याच वाट्याला आला होता?

रीत चुकीची होती असं मी आजही म्हणत नाही. कुणी विचारायला आलं तर तीच सांगतो. पण आता सांगून झाल्यावर विचारतो, तुमची लेक काय म्हणते? लोकांना वाटतं म्हातारा चळला.

दोन वर्षांनी त्या धाकटीला पोरगा झाला. बारसं झालं आणि बहिणीचा निरोप आला, या वेळी तोंडी, आमच्याकडं येणाऱ्या एका जिनच्या माणसाबरोबर. ‘दादाला सांगा, घरात लेकरू झालं. आता जेवायला ये.’

मी माईला म्हणालो, “लेकरू तिचं न्हाई. रीतीत बसतं का?”

माई आयुष्यात माझ्यावर एकदाच ओरडली ती तेव्हा. “जा!” म्हणाली. “लेकरू घरचं हाय! जा म्हनते ना!”

गेलो. बहिणीच्या मांडीवर पोरगं होतं. ती त्याला वाटीनं दूध पाजत होती आणि धाकटी आत भाकरी थापत होती. बहिणीनं मला बघितलं, पोरगं उचललं, आणि माझ्या मांडीवर ठेवलं. दूध प्यालेलं ते, जड आणि गरम. मग तिनं पाट मांडला. एकच. पाव्हणे जिनमध्ये होते, आणि आता दोन पाटांचं काही काम उरलं नव्हतं.

मी बसलो. तिनं पाणी दिलं, ते मी सगळं प्यालो. तिनं वाढलं, मी जेवलो. माफी मागायची आमच्यात सवय नाही, तो शब्द कसा उच्चारायचा हेही मला माहीत नव्हतं. जेवणाऱ्यानं पुरे म्हणायचं असतं, म्हणजे वाढणारी थांबते. मी पुरे म्हणालो नाही. ती वाढत राहिली, मी खात राहिलो. पोटात जागा संपली तरी खात राहिलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, ताटाकडं बघत होती. शेवटी आत भांडं खरवडल्याचा आवाज आला, तेव्हा ती म्हणाली, “ऊठ आता, दादा. बाकीच्यांला जेवायचं हाय.”